कलमाची फोड: गुन्हा सिद्ध व्हायला नेमके काय काय लागते

सरकारी वकील म्हणून नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी चोरीचा एक खटला हरले. विहिरीवरचा पाण्याचा पंप चोरीला गेला होता. रखवालदाराने दोघांना पंप नेताना पाहिले होते, पोलिसांनी पंप हस्तगत केला होता, जप्तीचा पंचही फितूर झाला नव्हता. तरी आरोपी निर्दोष सुटले. निकालपत्रात लिहिले होते की पंप कोणाच्या ताब्यात होता आणि तो कोणाच्या संमतीविना नेला, हे सरकार पक्षाने पुराव्यात आणलेले नाही. जप्त केलेला पंप साक्षीदाराला कोर्टात दाखवून ओळखून घेतलेला नाही. पंपाचा मालक दर तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेला असायचा. साक्षीदारांच्या यादीत त्याचे नाव नव्हते आणि मीही त्याला आत बोलावले नाही.

त्या संध्याकाळी मी फुलस्केप कागदावर पट्टीने चार रकाने पाडले: घटक, कोण सांगणार, कागद किंवा मुद्देमाल, काय कमी आहे. पुढची सगळी वर्षे, आधी दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात आणि नंतर सत्र न्यायालयात, एकही फाइल मी या कागदाशिवाय उघडली नाही. तो कागद कसा भरायचा ते इथे सांगते. विधी शाखेचे विद्यार्थी, नवे वकील, नवे तपास अधिकारी आणि ज्यांची स्वतःची फिर्याद कोर्टात पडून आहे, या सगळ्यांच्या तो उपयोगी पडेल.

आधी तारीख, मग परिशिष्ट

रकाने भरण्याआधी घटनेची तारीख पाहा. घटना १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता लागू होते. त्याआधीची असेल तर १८६० ची भारतीय दंड संहिताच, मग फिर्याद कधीही नोंदवलेली असो. कोर्टात अजून कितीतरी वर्षे दोन्ही आकडे कानावर पडणार आहेत. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८(४) झाली, चोरी ३७९ ची ३०३(२) झाली. आकडे बदलले, पण बहुतेक गुन्ह्यांचे घटक तेच राहिले. त्यामुळे जुन्या निकालांचा अभ्यास वाया जात नाही.

मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचे, पहिले परिशिष्ट उघडा. त्यात प्रत्येक कलमापुढे शिक्षा किती, गुन्हा दखलपात्र की अदखलपात्र, जामीनपात्र की अजामीनपात्र आणि खटला कोणत्या कोर्टात चालणार, हे लिहिलेले असते. लोक याच वर्गवारीत सगळ्यात जास्त गोंधळतात. दखलपात्र म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास आणि अटक करू शकतात. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असे नव्हे. तो हक्क म्हणून मिळत नाही, कोर्टाच्या विवेकावर असतो. दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर वॉरंट खटला, म्हणजे सविस्तर कार्यपद्धतीचा; नाहीतर समन्स खटला, म्हणजे सुटसुटीत कार्यपद्धतीचा.

ही वर्गवारी वाटते तितकी कोरडी नाही. साधी दुखापत, म्हणजे कलम ११५(२), अदखलपात्र आहे आणि तिला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे. एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या अशा गुन्ह्याची तक्रार साधारणपणे घटनेपासून एका वर्षाच्या आत कोर्टात दाखल व्हावी लागते. मारहाण झालेली कितीतरी माणसे एनसीची, म्हणजे पोलिसांकडच्या अदखलपात्र नोंदीची, पावती कपाटात ठेवून वाट पाहत बसतात आणि मुदत निघून जाते. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरीही आता अदखलपात्र यादीत आहे. म्हणून फिर्याद देताना वस्तूची किंमत आठवून, शक्य असेल तर पावतीसह सांगा. उगाच फुगवूही नका, उलटतपासणीत ती किंमत तुमच्यावरच उलटते.

पण परिशिष्ट गुन्हा सिद्ध करत नाही. अजामीनपात्र कलम लागले म्हणजे निम्मे काम झाले, ही समजूत मी फिर्यादींच्याच नव्हे, तपास अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकली आहे. सिद्ध करायचे असतात ते घटक.

कलम मोडून लिहायचे

चोरीचे कलम घ्या. व्याख्या एका वाक्याची आहे, पण तिच्यात पाच गोष्टी आहेत: वस्तू जंगम असली पाहिजे, ती कोणाच्या तरी ताब्यात असली पाहिजे, ताबा असणाऱ्याची संमती नसली पाहिजे, नेणाऱ्याच्या मनात अप्रामाणिक उद्देश असला पाहिजे, आणि नेण्यासाठी वस्तू जागची हलवलेली असली पाहिजे. प्रत्येकीला कागदावर स्वतंत्र ओळ द्या. एका ओळीत दोन घटक कोंबले की त्यातला एक हमखास विसरतो. माझ्या पंपाच्या खटल्यात दुसरी आणि तिसरी ओळ रिकामी होती.

प्रत्येक शब्द का मोलाचा आहे, हे कलमाखालची उदाहरणेच दाखवतात. रस्त्यावर पडलेली, कोणाच्याही ताब्यात नसलेली अंगठी उचलली तर ती चोरी नाही, कारण ताबा हा घटकच नाही. तो फार तर मालमत्तेचा अपहार होईल. उलट दुरुस्तीला दिलेले स्वतःचे घड्याळ, कारागिराचे पैसे थकले असताना आणि त्यापोटी घड्याळ अडवून ठेवायचा त्याला हक्क असताना, गुपचूप उचलून आणले तर ती चोरी ठरते. मालकी तुमची होती, ताबा त्याचा होता. झाड जमिनीत आहे तोवर जंगम नाही. चोरीच्या उद्देशाने ते तोडून जमिनीपासून अलग केले की त्याच क्षणी चोरी पूर्ण होते.

कायमचे नेण्याचा उद्देश लागतो का? लागत नाही. १९६३ च्या प्यारेलाल भार्गव निकालात अलवरच्या सरकारी कार्यालयातल्या अधीक्षकाने एक फाइल मित्राला दाखवायला घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने ती चोरीच मानली.

घटक असे वेगळे लिहिले की सख्ख्या भावंडांसारखी कलमेही ओळखू येतात. चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन पळताना दुखापत केली, अगर तत्काळ दुखापतीची भीती घातली, तर ती जबरी चोरी. तीच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली तर दरोडा. भीती घालून माणसाला स्वतःच्या हाताने वस्तू द्यायला लावली तर खंडणी. गळ्यातली साखळी हिसकावणे चोरी की जबरी चोरी, यावर वर्षानुवर्षे वाद व्हायचे. आता कलम ३०४ ने हिसकावणीला वेगळे नाव दिले आहे.

मनाची ओळ

सगळ्यात अवघड ओळ मनाची. इथे मराठीत एक खड्डा आहे. बोलताना आपण ‘हेतू’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतो. भावाने भावाला जमिनीच्या वादातून मारले, यातला वाद म्हणजे कृत्यामागचे कारण. आणि मारताना जीव घ्यायचा होता का, हा उद्देश. कारण सिद्ध झाले नाही तरी शिक्षा होऊ शकते, प्रत्यक्षदर्शी पुरावा भक्कम असेल तर कारणावाचून खटला अडत नाही. उद्देश मात्र घटक आहे. म्हणून कागदावर ‘हेतू’ हा शब्द मी लिहीतच नाही. ‘कारण’ लिहिते किंवा ‘उद्देश’ लिहिते.

कलमातला मानसिक शब्द लाल शाईने गोल करा. उद्देश, जाणीव, अप्रामाणिकपणे, कपटाने, इच्छापूर्वक, निष्काळजीपणाने: यातला प्रत्येक शब्द वेगळा पुरावा मागतो. क्वचित कलमात असा शब्दच नसतो. १९६५ च्या एम. एच. जॉर्ज खटल्यात मनिलाला निघालेला एक विमान प्रवासी मुंबईत अंगावरच्या जाकिटात ३४ किलो सोन्यासह पकडला गेला. भारतातला नवा नियम आपल्याला माहीत नव्हता, असा त्याचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की त्या परकीय चलन कायद्याखालच्या गुन्ह्याला दोषी मन सिद्ध करावे लागत नाही. पण हा अपवाद आहे. कलम गप्प आहे म्हणून मनाची ओळ खोडायची घाई करू नका. आधी निकाल पाहा.

मन कोणी पाहिलेले नसते. ते हत्यारावरून, घाव कुठे आणि किती जोराने घातला यावरून, आधीच्या आणि नंतरच्या वागण्यावरून काढावे लागते. सदोष मनुष्यवध आणि खून यांतली रेषा याच ओळीत आहे आणि ती समजून घ्यायला १८७६ चा गोविंदा खटला अजूनही सर्वांत चांगला. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला खाली पाडले, छातीवर गुडघा ठेवला आणि तोंडावर ठोसे मारले. मेंदूत रक्तस्राव होऊन ती मुलगी गेली. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी दोन कलमे शेजारी शेजारी मांडली आणि जिथे शब्द बदलतो तिथेच बोट ठेवले. मृत्यू होण्याचा संभव असलेली इजा असेल तर सदोष मनुष्यवध, निसर्गक्रमाने मृत्यू घडवायला पुरेशी इजा असेल तर खून. फरक फक्त शक्यतेच्या तीव्रतेचा. खून ठरला नाही, सदोष मनुष्यवध ठरला. त्या मुलीच्या वयापाशी मी दर वेळी थांबते. पण पद्धत मी तिथूनच शिकले.

दुसरा निकाल १९५८ चा, विरसा सिंग. पोटात भाल्याचा एकच वार. ‘मला मारून टाकायचे नव्हते’ हा बचाव. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी क्रम घालून दिला: इजा आहे का, ती कशा स्वरूपाची आहे, नेमकी तीच इजा करण्याचा उद्देश होता का, की ती अपघाताने झाली, आणि ती निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी आहे का. शेवटच्या प्रश्नाशी आरोपीच्या मनाचा संबंध नाही. त्याचे उत्तर डॉक्टर देतात. म्हणून शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना सरतपासणीत, म्हणजे आपल्या बाजूने साक्ष घेताना, तोच प्रश्न, त्याच शब्दांत विचारायचा. तो न विचारल्यामुळे खुनाचे कलम खाली घसरलेले मी पाहिले आहे.

खुनाच्या कलमाखाली अपवादही आहेत. नानावटी खटला सर्वांना माहीत आहे. अचानक आणि गंभीर चिथावणीचा बचाव तिथे टिकला नाही. कारण पत्नीने प्रेमसंबंधाची कबुली दिल्यापासून तिच्या प्रियकरावर गोळी झाडेपर्यंत जवळपास तीन तास गेले होते. मधल्या वेळात नौदल अधिकारी असलेल्या नानावटींनी कुटुंबाला सिनेमाला सोडले आणि जहाजावरून रिव्हॉल्व्हर घेतले. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा कायम केली. घड्याळ हाही पुरावा असतो, म्हणून कागदावर वेळा लिहा.

कृत्य आणि परिणाम यांच्यातला दुवा

ज्या गुन्ह्यात परिणाम हा घटक असतो तिथे आणखी एक ओळ लागते: हा परिणाम याच कृत्यामुळे झाला का? मुंबईतल्या रंगकारखान्याचा खटला, कुर्बान हुसेन रंगवाला, १९६५. परवान्याच्या अटी मोडून, ज्वालाग्राही द्रव साठवलेल्या खोलीतच बर्नर पेटवलेले होते. आग लागली, कामगार दगावले. पण आगीचे लगतचे कारण होते ते एका कामगाराने घाईने टर्पेंटाइन ओतणे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आरोपातून व्यवस्थापक सुटला. आग आणि ज्वालाग्राही पदार्थांबाबत निष्काळजीपणा केल्याची शिक्षा मात्र राहिली, कारण त्या कलमात मृत्यू हा घटकच नाही. घटना एकच, पण दोन कलमांच्या घटकांमुळे दोन वेगळे निकाल. हा खटला कळला तर सगळी पद्धत कळली असे मी शिकाऊ वकिलांना सांगते.

मारहाणीत हा दुवा वैद्यकीय कागदांत असतो. हाड मोडले, सांधा निखळला किंवा दात पडला तर दुखापत गंभीर ठरते. पण जखम प्रमाणपत्रावर ‘फ्रॅक्चर’ लिहिलेले असणे पुरेसे नाही. एक्स-रे प्लेट दोषारोपपत्रात हवी आणि ती वाचणारा डॉक्टर साक्षीला हवा. ती प्लेट रुग्णालयात राहिली म्हणून गंभीर दुखापत साध्या दुखापतीवर आली, असे खटले मी मोजायचे सोडून दिले.

फसवणूक आणि विश्वासघात

इथे सर्वांत जास्त फिर्यादी वाया जातात, म्हणून जरा थांबते. फसवणुकीत अप्रामाणिक उद्देश अगदी सुरुवातीला, आश्वासन देतानाच असावा लागतो. त्या खोट्याला भुलून समोरचा माणूस पैसे देतो. फौजदारी विश्वासघातात सुरुवात सरळ असते. वस्तू विश्वासाने सोपवलेली असते आणि अप्रामाणिकपणा नंतर येतो. म्हणजे एकाच रकमेबद्दल, एकाच वस्तुस्थितीवर दोन्ही कलमे एकत्र नांदू शकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितले. तरी एफआयआरमध्ये दोन्ही आकडे जोडीने येतच राहतात.

घेतलेले पैसे परत न देणे हा आपोआप गुन्हा होत नाही. तो दिवाणी दावा असू शकतो. फिर्याद लिहिताना स्वतःला विचारा: देण्याच्या दिवशी तो काय खोटे बोलला आणि ते खोटे होते हे कशावरून? एकच जमीन आधीच दुसऱ्याला विकलेली होती, दाखवलेला परवाना बनावट होता, असे काही हाती असेल तर ती ओळ भरते. ‘तो आता फोन उचलत नाही’ याने भरत नाही. हे ऐकताना माणसे दुखावतात, मला ठाऊक आहे. आयुष्यभराची बचत गेलेली असते. पण त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगणे मी माझे कर्तव्य मानते, कारण दहा वर्षांनी निर्दोष सुटकेचा निकाल ऐकणे त्याहून क्रूर आहे.

अपुरा गुन्हा, आणि अनेकांचा गुन्हा

तयारी आणि प्रयत्न यांत फरक करा. पंजाबातून दिल्लीकडे भाताचा ट्रक निघाला होता. परवान्याशिवाय राज्याबाहेर नेणे गुन्हा होता. समालखाच्या नाक्यावर तो अडवला, दिल्लीची हद्द अजून लांब होती. १९६९ च्या मलकियत सिंग निकालानुसार ही नुसती तयारी. तिथून चालक मागेही फिरू शकला असता. तयारी एरवी शिक्षेस पात्र नसते. दरोड्याची तयारी मात्र असते.

अनेक आरोपी असतील तर प्रत्येकाच्या नावाचा वेगळा कागद करा. ‘सर्वांनी मारहाण केली’ या वाक्याने कोणालाच शिक्षा होत नाही. सामाईक उद्देश, म्हणजे जुने कलम ३४ आणि आताचे ३(५), लावायचा तर आधीचा समान बेत आणि सहभाग दाखवावा लागतो. बेत ऐनवेळीही जुळू शकतो. बेकायदेशीर जमावाला पाच माणसे लागतात.

कोण सांगणार

आता दुसरा आणि तिसरा रकाना. एका घटकाला एकच साक्षीदार असला तरी चालतो, पण तो फितूर झाला तर पुढे काय, हे तिथेच शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली बंधनकारक आहे. सीसीटीव्हीची प्रत असेल तर तिच्या खरेपणाचे प्रमाणपत्र हवेच. सर्वोच्च न्यायालयाच्या खोतकर निकालाने २०२० मध्ये ते अनिवार्य ठरवले आणि नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ते आहे. कोणी पाहिलेले नसेल तर परिस्थितीच्या साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागते आणि साखळीतून आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा निष्कर्ष निघता कामा नये.

कागदाच्या पाठीमागे बचावाचे मुद्दे लिहा: वेडसरपणा, स्वसंरक्षण, सात वर्षांखालचे मूल. ते सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण हलका. शक्यता जास्त वाटली तरी पुरते. सरकार पक्षाला मात्र प्रत्येक ओळ वाजवी संशयापलीकडे न्यावी लागते. हे ओझे असे वाटून दिले आहे, त्याबद्दल मला कधी तक्रार करावीशी वाटली नाही. उद्या त्या पिंजऱ्यात माझ्या घरचे कोणी उभे असेल तर मलाही हेच हवे असेल.

चौथा रकाना अंतिम युक्तिवादाच्या आदल्या रात्री पुन्हा वाचा. जागा रिकामी दिसली तरी सगळे संपलेले नसते. साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज करता येतो, आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३११ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३४८ खाली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका लोखंडी फाटकाच्या चोरीत मला तशीच मोकळी जागा दिसली: ओळख. सकाळी अर्ज दिला, बचाव पक्षाने विरोध केला, न्यायाधीशांनी तो मंजूर केला. मुद्देमाल खोलीतून फाटक आले, लाखेचे सील आणि लेबल तपासले गेले. फिर्यादी उठून त्याच्याजवळ गेला, वाकला आणि खालच्या बिजागरीशी वेल्डिंगचा ओबडधोबड डाग दाखवत म्हणाला, ‘हा मी स्वतः मारलेला आहे, साहेब.’ उलटतपासणी दहा मिनिटे चालली. मी जागेवर बसले आणि ती ओळ शाईने भरली.